'उफ्' आणि 'च्च' : जुम्म्याच्या बयानातले आईवडील

राजारामपुरीत राहायला आल्यापासून मला एक सवय लागली आहे. शुक्रवारी नमाजेहून परतलो की चहा होईपर्यंत त्या दिवशीच्या बयानातले चार-पाच शब्द एका वहीत लिहून ठेवायचे. मजकूर लिहीत नाही, फक्त शब्द. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. शब्द दिसला की तो कुठून आला, वाटेत कुठे वाकला, हे पाहण्याची खोड त्यातूनच लागली. अशा चार वह्या झाल्या आहेत. यंदा त्या एकापाठोपाठ एक वाचल्या, तेव्हा लक्षात आले की बयानाचे विषय कितीही बदलले तरी एक विषय पुन्हा पुन्हा फिरून येतो : आईवडील. रमजान जवळ आला की येतो, लग्नसराईत येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मागच्या सफेत पोरांचा गोंधळ वाढला की येतो, आणि वस्तीतून एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा जनाजा निघाला की पुढच्या शुक्रवारी हमखास येतो.

कीर्तन, भारूड, प्रवचन यांचा मराठी समीक्षेने बारकाईने विचार केला आहे. कीर्तनकाराचा पूर्वरंग, उत्तररंग, दृष्टान्त, श्रोत्याला हळूच पकडण्याची पद्धत, यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत. मशिदीतल्या बयानाकडे मात्र वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. ते धर्माच्या खात्यात जाते किंवा बातमीच्या. खरे तर दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, त्याच श्रोत्यांसमोर, बहुधा हातात कागद न घेता केलेली ती एक भाषिक रचना असते. तिला तिच्या युक्त्या आहेत, तिचे ठरलेले दृष्टान्त आहेत आणि तिच्या ठरलेल्या चुकाही आहेत. प्रस्तुत लेखात मुलांचे आईवडिलांविषयीचे कर्तव्य हा एकच विषय घेऊन ही रचना कशी चालते ते पाहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या विषयावरच्या बयानाचे सारे बळ एका अगदी लहान शब्दात आहे, आणि तो शब्द अरबीतून उर्दूत, उर्दूतून आपल्या घरात येताना त्याचा अर्थ सरकतो. अर्थ सरकला की कर्तव्यही बदलते.

तीन भाषांचा रस्ता

आधी मांडणी सांगतो, कारण अनेक वाचकांना ती परिचित नसेल. आमच्याकडच्या हनफी मशिदींत जुम्म्याच्या दिवशी आधी बयान होते, तेही उर्दूत, साधारण वीस-पंचवीस मिनिटे. मग अजान होते आणि इमाम मिंबरावर उभे राहून अरबीत खुत्बा देतात. खुत्ब्याचे दोन भाग असतात. दोहोंच्या मध्ये इमाम क्षणभर खाली बसतात. इतर काही पंथांच्या मशिदींत खुत्बाच श्रोत्यांच्या भाषेत दिला जातो. आमच्याकडे मात्र अरबी खुत्बा हा विधी आहे आणि उर्दू बयान ही शिकवण.

ऐकणारा माणूस या दोन्ही भाषांत राहत नाही. कोल्हापूरच्या बागवान, शिकलगार, अत्तार, मुजावर, जमादार घरांत बोलली जाते ती दखनी. 'नक्को' म्हणणारी, मराठीतला 'च' शब्दांना चिकटवणारी. शाळा मराठी, बाजार मराठी, भांडण मराठी. म्हणजे बयान ऐकणारा माणूस अरबीतला मूळ शब्द उर्दूत ऐकतो, दखनीत समजून घेतो आणि त्यावर विचार बहुतेक वेळा मराठीत करतो. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये इथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, मुस्लिम बोर्डिंग उभे केले आणि कुराण मराठीत यावे यासाठीही प्रयत्न केले. भाषेचा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच त्यांच्या ध्यानात आला होता. मशिदीच्या दारात मात्र तो अजून तसाच उभा आहे.

लहान शब्द

आईवडिलांवरचे बहुतेक प्रत्येक बयान कुराणाच्या सतराव्या सूरहमधल्या २३ आणि २४ या आयतींवर उभे असते. त्यांचा आशय असा : अल्लाहशिवाय कुणाची भक्ती करू नका आणि आईवडिलांशी उत्तम वागा, त्यांतले एक किंवा दोघेही तुझ्याजवळ म्हातारे झाले तर त्यांना 'उफ्' म्हणू नकोस, झिडकारू नकोस, त्यांच्याशी सन्मानाने बोल.

इतक्या मोठ्या आज्ञेच्या शेजारी इतका क्षुल्लक शब्द यावा, यातच या रचनेची ताकद आहे. 'मारू नकोस', 'हाकलू नकोस', 'उपाशी ठेवू नकोस' असे मोठे गुन्हे तिथे सांगितलेले नाहीत. सांगितला आहे तो एक उद्गार, ज्याला धड शब्दही म्हणता येत नाही. अरबी कोशकारांनी त्याचा संबंध कानातल्या किंवा नखातल्या मळाशी जोडला आहे; नकोशी, किळसवाणी वस्तू झटकताना तोंडातून निघणारा आवाज तो हा. इस्लामी विधिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याच शब्दावरून एक नियम शिकवला जातो : 'उफ्' म्हणण्याची मनाई असेल तर मारण्याची मनाई वेगळी सांगावी लागत नाही, ती त्यात आलीच. लहान गोष्ट बंद केली की मोठ्या आपोआप बंद होतात.

श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर ही युक्ती फार धारदार आहे. मोठ्या गुन्ह्याचे वर्णन केले की समोर बसलेला प्रत्येक जण मनात म्हणतो, हे काही माझ्याविषयी नाही. आईला मारणारा, बापाला घराबाहेर काढणारा तो दुसराच कुणीतरी. 'उफ्'च्या बाबतीत ही पळवाट उरत नाही. त्या दिवशी सकाळीच म्हणून आलेली माणसे सफेत बसलेली असतात.

आता हा शब्द उर्दूत येतो तेव्हा काय होते ते पाहा. उर्दूत 'उफ' आहेच, पण तो वेदनेचा उद्गार आहे. 'उफ तक न की' म्हणजे हूं की चूं न करता सोसले. त्यामुळे बयानात 'माँ-बाप को उफ तक न कहो' हे वाक्य आले की उर्दूच्या कानाला त्यात दोन अर्थ ऐकू येतात. एक मूळचा : कंटाळा दाखवू नकोस. दुसरा उर्दूने आणलेला : काहीही झाले तरी सोस. आणि एकदा हा दुसरा अर्थ पुढे आला की बयानाचा सूर बदलतो. बाप रागीट असेल, आई अन्याय करत असेल, तरी 'उफ' नाही. मनाई किळसेची होती, ती तक्रारीची होऊन बसते.

मराठीत आणखी एक वळण मिळते. मराठीत समजावून सांगायला बसलो की आपल्या जिभेवर सहज येते : 'ब्रसुद्धा काढू नये.' पण 'ब्र' काढत नाही तो भ्यालेला असतो. सावकारापुढे, साहेबापुढे, पाटलापुढे माणूस ब्र काढत नाही. म्हणजे अरबीत किळस, उर्दूत सोशिकपणा आणि मराठीत धाक. शब्द तेवढाच लहान राहिला, पण शुक्रवारी दुपारी घरी परतणाऱ्या मुलाच्या हातात तीन वेगळी कर्तव्ये पडली.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार वहीत तारखेसह नोंदवला आहे. नेहमीचे मौलाना गावाला गेले होते, म्हणून एका तरुण हाफिजांनी बयान केले. 'उफ' या शब्दाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, आपण घरात कुणी 'उफ' म्हणत नाही, आपण काय करतो सांगू? आणि त्यांनी माईकजवळ तोंड नेऊन जीभ टाळ्याला लावून आवाज काढला : 'च्च.' सगळी मशीद हसली. हसू ओसरल्यावर जी शांतता पसरली, तशी मी कुठल्याही बयानात अनुभवलेली नाही. मग ते म्हणाले की हा आवाज काढताना आपली नजर आईकडे नसते, मोबाईलवर असते. या विषयावर मी ऐकलेले हे सर्वांत चांगले भाषांतर. त्यासाठी त्यांना शब्दकोश लागला नाही. फक्त कोल्हापुरातल्या घरात 'उफ्'ला काय म्हणतात ते ठाऊक होते.

एहसान, खिदमत, हक

त्याच आयतीतला दुसरा शब्द 'इहसान'. मूळ धातू सौंदर्याचा आहे; जे करायचे ते सुंदर करणे, उत्तम करणे. विशेष म्हणजे हा शब्द प्रत्येक जुम्म्याला कानावर पडतो, कारण अरबी खुत्ब्याच्या शेवटी न्याय आणि इहसान यांची आज्ञा देणारी सोळाव्या सूरहमधली आयत म्हणण्याची जुनी प्रथा आहे. पण उर्दूत आणि हिंदी सिनेमात 'एहसान' म्हणजे उपकार, समोरच्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे. 'माँ-बाप पर एहसान करो' असे म्हटले तर अर्थ नेमका उलटतो. म्हणून जाणते उर्दू वक्ते तिथे 'हुस्ने-सुलूक' म्हणतात, म्हणजे वागण्यातले सौंदर्य. हा शब्द जड आहे. मागच्या सफेतल्या दहावीतल्या पोराला तो कळत नाही. मग वक्ता सोपा शब्द घेतो : 'खिदमत' किंवा 'फर्माबरदारी'. पहिल्याचा अर्थ सेवा, दुसऱ्याचा आज्ञापालन. दोन्ही शब्द चांगले आहेत, पण 'इहसान' या दोन्हींपेक्षा मोकळा आहे. सेवा पगारावरचा माणूसही करतो. आज्ञा शिपाईही पाळतो. सुंदर वागणे मात्र ज्याचे त्यालाच सुचावे लागते.

आज्ञापालनाचा मुद्दा कुराणात स्वतंत्रपणे येतो. एकतिसाव्या सूरहमध्ये लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतो, त्या ओघात आईच्या गर्भारपणाचा, दुबळेपणावर दुबळेपणा सोसण्याचा आणि दोन वर्षांच्या दूधपाजणीचा उल्लेख आहे. त्याला लागूनच पुढची आयत सांगते की आईवडील श्रद्धेच्या विरुद्ध वागायला भाग पाडू लागले तर त्यांचे ऐकू नकोस. तरीही जगात त्यांच्याशी चांगलेच वाग. इथे ऐकणे आणि चांगले वागणे या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. आईवडिलांशी मतभेद असू शकतो, तो ठाम असू शकतो, आणि तरीही 'च्च' काढायची नाही. माझ्या वह्यांत पहिली आयत कितीतरी वेळा आहे. दुसरी मोजून तीनदा. 'फर्माबरदारी' या शब्दाची सवय झालेल्या बयानाला ती अडचणीची वाटत असावी.

तिसरा शब्द 'हक'. बयानात विषयाचे नावच असते 'वालिदैन के हुकूक'. मराठीत 'हक्क' म्हणजे मी मागतो ते. बयानात हक म्हणजे माझ्याकडे असलेले दुसऱ्याचे येणे. मुलाने काय करावे याची यादी तिथे 'मुलाचे कर्तव्य' या नावाने नसते, ती आईबापाच्या मालकीची असते. आपल्याकडे याला जवळची कल्पना 'पांग फेडणे'. पण पांग फिटतात अशी आशा त्या वाक्प्रचारात आहे. बयान ती आशा ठेवत नाही. आईला पाठीवर घेऊन काबाला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाची गोष्ट हमखास सांगितली जाते. तो विचारतो, फिटले का ऋण? उत्तर मिळते, तिच्या प्रसूतीतल्या एका कळेइतकेही नाही. लोकरीतीत मात्र फेडीची वाट ठेवलेली आहे. आईने मरणाच्या वेळी 'दूध बख्शणे', म्हणजे दुधाचे ऋण माफ करणे, ही कल्पना ग्रंथात नाही, ती बायकांच्या बोलण्यात जगली आहे. माफ करण्याचा अधिकार तिने आईकडे ठेवला, हे मला महत्त्वाचे वाटते.

व्याकरणात दडलेले

अरबी व्याकरणाचे तीन बारकावे असे आहेत की ते उर्दू बयानात हरवतात, आणि मराठी वाचकाला मात्र चटकन कळतील.

पहिला वचनाचा. आयतीच्या सुरुवातीला क्रियापद अनेकवचनी आहे : तुम्ही सर्वांनी भक्ती करू नका. पण म्हाताऱ्या आईबापाचा उल्लेख आला की भाषा एकदम एकवचनी होते : तुझ्याजवळ, तू म्हणू नकोस. भक्ती समूहाची गोष्ट आहे. म्हातारपण मात्र एकाच्या घरात, एकाच्या खोलीत येते. चार भाऊ असले तरी 'तुझ्याजवळ' म्हणजे ज्याच्या घरी पलंग आहे तो. उर्दूत हे सगळे 'तुम' होऊन सपाट होते. मराठीत 'तुम्ही' आणि 'तू' असा भेद सहज ठेवता येतो. बयान मराठीत झाले तर हा एक फायदा पदरात पडेल.

दुसरा द्विवचनाचा. संस्कृतसारखे अरबीतही द्विवचन आहे आणि 'वालिदैन' हे त्याचेच रूप. आयत 'एक किंवा दोघे' असे मुद्दाम म्हणते. एकटे उरलेले माणूस तिथे पहिले येते. आपल्या 'आईवडील' या जोडशब्दात दोघे कायमचे बांधलेले आहेत. त्यांतले एक गेले की दुसऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्दच नाही, आणि सांभाळण्याचा खरा प्रश्न तेव्हाच सुरू होतो.

तिसरी गोष्ट प्रतिमेची. पुढच्या आयतीत मुलाला सांगितले आहे की दयेपोटी नम्रतेचा पंख त्यांच्यासाठी खाली कर. पंखाखाली घेणे हे आपण आईचे काम समजतो; पिल्लू आत आणि आई वर. इथे पिल्लू मोठे झाले आहे, त्याला पंख फुटले आहेत, ते उडून जाऊ शकते. तरी त्याने पंख खाली करायचा आहे. मग एक प्रार्थना मुलाच्या तोंडी घातली आहे : त्यांनी मला लहानपणी वाढवले, तशी तू त्यांच्यावर दया कर. या प्रार्थनेत देवासाठीचा 'रब्ब' आणि वाढवण्याचे क्रियापद यांचा नाद एकसारखा घुमतो. व्याकरणकार त्यांचे धातू वेगळे मानतात, पण कान धातू विचारत नाही. पन्नाशीतला माणूस दिवसातून पाच वेळा स्वतःला 'लहान' म्हणवून घेतो, यापेक्षा मोठी युक्ती कुठल्या उपदेशात असेल?

थांबलेली आई, थांबलेला देव

बयानाचा दुसरा आधार गोष्टी. त्यांत सादरीकरणाच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी गोष्ट मिंबराच्या तीन पायऱ्यांची. प्रेषित मिंबरावर चढताना प्रत्येक पायरीवर 'आमीन' म्हणाले. लोकांनी कारण विचारले, तेव्हा कळले की जिब्रील तीन अभाग्यांची नावे घेत होते आणि त्यांतला एक होता तो, ज्याला म्हातारे आईबाप मिळाले आणि तरी ज्याने स्वर्ग मिळवला नाही. ही गोष्ट सांगणारा वक्ता स्वतः मिंबरापाशीच असतो. अनेक जण सांगताना हात त्या पायऱ्यांकडे करतात. गोष्टीतली जागा आणि ऐकण्याची जागा एक होते. कीर्तनकार वाळवंटाचे वर्णन करतो, तेव्हा पंढरी दूर असते. इथे पायरी समोर आहे.

दुसरी गोष्ट जुरैजची. हा एक एकान्तात राहणारा तपस्वी. तो नमाजेत असताना आईने हाक मारली. माझी आई की माझी नमाज, असे मनात म्हणून त्याने नमाज चालू ठेवली. असे तीनदा झाले. दुखावलेल्या आईच्या तोंडून शाप गेला, आणि पुढे त्या तपस्व्यावर व्यभिचाराचा आळ आला, त्याची झोपडी पाडली गेली; पाळण्यातल्या मुलाने साक्ष दिली तेव्हा तो सुटला.

ही गोष्ट ऐकताना कोल्हापूरच्या माणसाला दुसरी आठवल्याशिवाय राहत नाही. आषाढीला इथून नंदवाळला दिंडी जाते. त्या जयघोषात पहिले नाव विठ्ठलाचे नाही, पुंडलिकाचे आहे. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा चालू ठेवून दारात आलेल्या देवाला विटेवर थांबवले. जुरैजने देवाची सेवा चालू ठेवून दारात आलेल्या आईला थांबवले. एकाच शिकवणीच्या या दोन विरुद्ध बाजू आहेत. एका ठिकाणी बक्षीस आहे, दुसऱ्या ठिकाणी शिक्षा. पण फरकही आहे आणि तो झाकू नये. पुंडलिकाच्या कथेत देव थांबायला तयार होतो आणि अठ्ठावीस युगे उभा राहतो असे परंपरा सांगते. म्हणजे कथेचा शेवट देवाच्या वात्सल्यात होतो. जुरैजच्या कथेत देव कुठेच पुढे येत नाही. कथा आईच्या दुखावण्याभोवतीच फिरते, आणि तिच्या शापाला तपश्चर्याही अडवू शकत नाही. भक्तिपरंपरेने आईची माया देवाला देऊन त्याला 'माऊली' केले. राजारामपुरीत एका चौकालाही तेच नाव आहे. बयानाची परंपरा देवाला आई म्हणत नाही. ती आईला आईच ठेवते आणि तिची हाक नफ्ल नमाजेच्या वर नेऊन बसवते.

तू आणि आप

'सन्मानाने बोल' या आज्ञेचा अर्थ उर्दू बयानात बहुधा 'आप म्हणा' असा सांगितला जातो. उर्दूच्या अदबीत ते योग्यच आहे. पण अरबीत आदरार्थी सर्वनामच नाही. तिथे खलिफाही 'तू' आणि उंटवालाही 'तू'. म्हणजे 'आप' हा उर्दूने केलेला अर्थ आहे. आमच्या दखनी घरांत बापाला 'तुम', आईला 'तू'. मराठीतही वडिलांना 'तुम्ही' म्हणणारी पिढी आईला 'तू'च म्हणत आली. हे 'तू' अनादराचे नाही. ज्या माणसापुढे आपण उघडे-नागडे होतो, त्याच्यासाठी राखून ठेवलेले ते सर्वनाम आहे. म्हणून आपण ते देवालाही वापरतो.

मदरशात जाऊ लागलेली नातवंडे हल्ली आईला 'आप' म्हणतात. ऐकायला गोड वाटते. पण एकदा एका घरात, आईला 'आप' म्हणणाऱ्याच मुलाने तिचा प्रश्न पुरा होण्याआधी 'च्च' केलेले मी ऐकले आहे. सर्वनाम बदलणे सोपे असते. म्हणून बयानाने 'आप' शिकवण्यात वेळ घालवला की मला वाटते, लहान शब्दावरची नजर सुटून मोठ्या शब्दावर गेली.

सफेत नसलेले श्रोते

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा. बयान कुणाला उद्देशून असते? माझ्या पाहण्यातल्या मशिदींत जुम्म्याला बायका नसतात. सफेत बसलेले असतात मुलगे आणि बाप. सुरुवातीला भाषा 'औलाद'ची असते, म्हणजे मुलगा-मुलगी दोन्ही. पण उदाहरणे सुरू झाली की मुलगी नाहीशी होते. आणि थोड्या वेळाने, जिच्याविषयी आयतीत एक अक्षर नाही, ती अवतरते : सून. 'अपनी बीवी को समझाओ' हे वाक्य माझ्या चारही वह्यांत आहे.

वास्तविक बहुसंख्य फकीहांच्या मते सासू-सासऱ्यांची सेवा ही सुनेवर विधीने टाकलेली जबाबदारी नाही. ती मुलाची आहे. सुनेने केले तर तो तिचा चांगुलपणा, म्हणजे पुन्हा तोच 'इहसान'. गंमत अशी की देशाचा कायदाही इथे त्याच बाजूला आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थविषयक अधिनियमात 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. तो कायदा दरमहा १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मंजूर करू शकतो. 'च्च'वर त्याला काही करता येत नाही. ते काम बयानाचे आहे. पण ते ज्याने करायचे त्याच्यापर्यंत पोचवण्याऐवजी बयान ते त्याच्या बायकोकडे सरकवण्याची मुभा देते. दोन परंपरांतली मुले इथे सारखीच सुटतात, हेही सांगितले पाहिजे. पुंडलिकाची कथा सांगणारेही त्याच्या बायकोला वाटेवरच सोडून देतात.

आणि मुलीची गोष्ट नाही असे नाही. अबू बक्रांची मुलगी असमा हिची आई इस्लाम न स्वीकारलेली होती. ती भेटायला आली, तेव्हा असमाने प्रेषितांना विचारले, तिच्याशी नाते ठेवू का? उत्तर मिळाले, ठेव. प्रश्न विचारणारी मुलगी, वेगळ्या श्रद्धेची आई आणि नि:संदिग्ध 'होय'. ही गोष्ट बुखारीत आहे. आमच्या शहरात, जिथे प्रत्येक गल्लीत दोन श्रद्धांची माणसे एकमेकांच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करतात, तिथे ही गोष्ट दर वर्षी एकदा तरी सांगायला हवी. माझ्या वह्यांत ती एकदाच आहे.

माझी आई आता नव्वदीच्या घरात आहे. विसरते. गॅस बंद केलास काय, हे दिवसातून दहा वेळा विचारते. त्या हाफिजांचे बयान ऐकले त्याच शुक्रवारी, चहा होण्याआधी, मी तिला 'च्च' केले. सवयीने. शब्द वहीत लिहिलेलाही नव्हता. तिने काही म्हटले नाही, फक्त पदर नीट केला.

दर जुम्म्याला ती विचारते, "आज क्या बोले?" त्या दिवशीही विचारले. मी म्हणालो, "माँ-बाप का बोले." तिने थोडा वेळ विचार केला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथे माझी बायको तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करत होती.

"तुमनाच बोलते हमेशा," ती म्हणाली. "इसका कोन बोलेंगा?"

चार वह्यांत मी बयानातले शब्द लिहिले. या प्रश्नाला उत्तर देणारा त्यात एकही नाही. आमच्या वक्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : 'उफ्'चा अर्थ आमच्या घरातल्या आवाजात सांगा, आणि तो ज्याला सांगायचा त्यालाच सांगा, त्याच्या बायकोला निरोप देऊ नका. त्या शुक्रवारी भाकरीची वाटी मी हातात घेतली. आईने पहिला घास घेतला आणि विचारले, गॅस बंद केलास काय? मी उठून पाहून आलो.